शेजारीण जागेवर आहे

केंद्रात तिला सगळे मावशी म्हणत, अगदी संचालकसुद्धा. मोठ्या रेडिओ दुर्बिणीचं तोंड आकाशात कुठे वळवायचं, ते तिच्या हातात होतं. लग्नानंतर तात्पुरती म्हणून लागली आणि तिथेच केस पिकले. शास्त्रज्ञ यायचे, भांडायचे, नाव कमवून जायचे. मावशी आपली खुर्चीत. घरी नवरा मात्र रोज एकच प्रश्न विचारायचा, "आज काय दिसलं?"

त्या वर्षी कितीतरी काळ निपचित पडलेलं एक कृष्णविवर जागं झालं. त्याच्या जोडीला एक तारा होता. विवर त्याचा वायू ओढून घ्यायचं, तो भोवती गरगरत तबकडी व्हायचा, आणि तिथूनच दोन बाजूंना दोन झोत भन्नाट वेगाने सुटायचे. तबकडी दिसते क्ष-किरणांत, झोत दिसतो रेडिओत. या दोघांचं कधी जमतं आणि कधी बिनसतं, हा एका पीएचडीच्या मुलीचा विषय. तिची शिष्यवृत्ती संपायच्या आत असा भडका पुन्हा होण्याची आशा नव्हती. मावशीनं संचालकांमागे भुणभुण लावली, इतरांचा वेळ कापला आणि रोजची दुपार मुलीच्या पदरात टाकली. ज्यांचा वेळ गेला ते मावशीशी बोलेनासे झाले. तिला त्याचं काही वाटलं नाही.

झोत रोज दिसत होता. एक दिवस तर चांगलाच उसळला. त्याच संध्याकाळी वीज गेली, यंत्रणा नव्याने सुरू करावी लागली आणि विवराच्या जागेचे आकडे मावशीनं हाताने भरले. दुसऱ्या दिवसापासून झोत गायब.

"मावशी, दुर्बीण बरोबर ठिकाणी बघतेय ना?" मुलीनं सहज विचारलं.

मावशीनं भिंतीकडे पाहिलं. घाईत तिनं आकडे भिंतीवरच्या जुन्या तक्त्यावरून घेतले होते. पृथ्वीचा आस हळूहळू डोलतो, त्यामुळे आकाशातले पत्तेही सरकत जातात. जुना प्रोग्राम जुने आकडे आपणहून नवे करून घ्यायचा. आता चालू असलेला नवा प्रोग्राम तसं करून घेतो का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्यानं तो लिहिला तो नोकरी सोडून गेला होता आणि फोन उचलत नव्हता. घेत नसेल, तर दुर्बीण इतके दिवस भलत्याच जागी डोळे लावून बसली होती.

दोन दिवस ती त्या माणसाला फोन लावत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं मुलीला बाजूला घेतलं.

"अगं, माझ्या हातून घोटाळा झाला असेल. तुझे दिवस मी वाया घालवले असतील."

मुलगी पांढरी पडली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मावशीला वाटलं. ती फक्त म्हणाली, "पूर्ण चित्र करून बघूया का? नुसता मधला ठिपका नाही, आजूबाजूचं सगळं."

चित्र तयार व्हायला सगळी दुपार गेली. विवराच्या उजवीकडे, थोडी वर, एक दूरची दीर्घिका नेहमी दिसायची. मावशी तिला शेजारीण म्हणायची. जागा चुकली असेल तर शेजारीण जागेवर नसणार, एवढं सरळ होतं. पडद्यावर चित्र उमटू लागलं तशी मावशीनं नजर खाली घातली.

"मावशी, वर बघा. शेजारीण आहे."

खरंच होती, नेहमीच्या जागी, नेहमीसारखी मंद. मधोमध, जिथे झोत असायचा, तिथे काहीच नव्हतं.

"म्हणजे?"

"म्हणजे झोत खरंच बंद पडलाय." मुलगी हसत होती. उपग्रहाने टिपलेले क्ष-किरणांचे आकडे तिनं सकाळीच पाहिले होते, पण धीर करून बोलली नव्हती. "तबकडी पार आतपर्यंत सरकलीय, भलतीच तेजाळलीय. असं झालं की झोत विझतो. तो विझतानाच आपण पकडलाय. तबकडी मंदावली की परत येईल."

"आणि मी देव पाण्यात घालून बसले होते," मावशी म्हणाली.

घरी नवऱ्यानं दार उघडलं. "आज काय दिसलं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसून रडू लागली. तो धावत पाणी घेऊन आला, उद्या दिसेल म्हणून समजूत घालू लागला.

"अहो, चांगलं झालंय," ती डोळे पुसत म्हणाली. "पोरीचं माझ्यामुळे काही बिघडलं नाही. जेवायला वाढा आधी."