मोत्या जेवत नव्हता तेव्हा

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ बोलते आहे — पण सुरुवात कुठून करू?

कुत्र्यापासून करते.

नांदुऱ्याजवळच्या खेड्यात आमचं घर, शेती कपाशीची. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी धाकटी सून. मोठ्या जाऊबाईंना मूल नव्हतं. त्यांचा सगळा जीव मोत्यावर. त्याच्यासाठी दुधात भाकर त्याच कुस्करायच्या.

त्या वर्षी मोत्या ओकायला लागला. मध्येच बरा व्हायचा, पुन्हा ओकायचा. मग भाकरीला तोंडच लावेना. बरगड्या वर आल्या. नांदुऱ्याहून गुरांचे डॉक्टर आले, पोट दाबून पाहिलं, औषध दिलं. कारण त्यांनाही सापडलं नाही.

सासूबाईंना सापडलं. "मुक्या जनावराले समजते," त्या म्हणाल्या. "मोठीच्या हातचं त्याच्या पोटात टिकत नाही."

आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग माझ्या तान्ह्या मुलीला उलटी झाली — मुलांना होतेच की! — आणि जाऊबाईंना चुलीपाशी बसू देईनात. स्वयंपाक माझ्याकडे आला. घरात जो तो मला विचारू लागला. आणि मला ते... आवडलं.

आता सांगते. मोत्या माझ्या मुलीच्या पाळण्याखाली झोपायचा, अंगावर गोचिड्या. कपाशीवर मारायची भुकटी घरात होती. ती मी त्याच्या अंगाला चोळायचे — गुपचूप, कारण जाऊबाईंनी चोळू दिली नसती. एका दुपारी तो स्वतःचं अंग चाटताना दिसला. थोड्या वेळानं ओकला. मला कळलं. तिथंच, तेव्हाच कळलं.

बोलले का? नाही. थांबले का? — तेही नाही. गोचिड्या तर केव्हाच गेल्या होत्या. मग मी ती भुकटी कशासाठी चोळत होते?

जाऊबाईंचे भाऊ डोणगावहून आले आणि त्यांना घेऊन गेले. भासरे, म्हणजे जाऊबाईंचे मालक, ओसरीवर मान खाली घालून बसून होते. जाऊबाई बैलगाडीत बसल्या, तेव्हा मोत्या उठून गाडीमागे निघाला आणि फाटकाशीच बसला. चालायचीही ताकद नव्हती त्याच्यात.

मी त्याला विहिरीवर नेऊन धुतलं. भुकटी पुन्हा लावली नाही. हळूहळू तो खाऊ लागला.

"पाह्यलं? ते गेली अन् कुत्रं जेवलं!" सासूबाई गावभर सांगत सुटल्या. जाऊबाईंना परत आणायचं नाव मग कुणी काढलं नाही. पुढे काडीमोड झाला. मोत्या जेवला — आणि तोच त्यांच्याविरुद्ध पुरावा झाला. तो पुरावा मी तयार केला होता.

बऱ्याच वर्षांनी मलकापूरच्या बसस्टँडवर त्या दिसल्या. केस पांढरे, अंगानं वाळलेल्या. मी तोंड फिरवणार, तोच त्यांनी माझा हात धरला.

"मोत्या मंग जेवाले लागला होता का वं?"

"हो," मी म्हटलं.

"कायनं ओकत होता तो? कोणाले समजलं का?"

"नाही बाई. कोणालेच नाही समजलं."

त्या थोडा वेळ स्वतःच्या तळहाताकडे पाहत राहिल्या.

"असन मंग," त्या म्हणाल्या, "माह्याच हातचं काही."