हातभर उघडी भिंत

केसरीनाथ गवंड्याचं डोकं फिरायला एक वाकडी कड पुरायची. लग्नाला गेला तरी आधी यजमानाच्या भिंतीवरून तळहात फिरवणार, मग मांडवात बसणार. वडपे त्याचं गाव; तिथल्या निम्म्या गोदामांना त्याच्या हातचा गिलावा. आता खांदा वर जात नाही म्हणून थापी सुटली, जीभ मात्र थांबली नाही. मुलीकडे भिवंडीला राहायला आला, तर तिच्या इमारतीच्या जिन्याला नावं ठेवण्यात पहिला महिना गेला.

मुलगी उन्नती घरी बसून संगणकावर जुन्या इमारतींचे नकाशे काढायची. ऑफिस ठाण्यातलं, काम युरोपातलं. त्या आठवड्यात तिच्याकडे पोलंडच्या एका गावातलं सिनेगॉग आलं होतं.

“म्हंजे शनवार तेल्यांची मशीद,” केसरीनाथ म्हणाला. इकडचे ज्यू तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली; आपल्या प्रार्थनाघराला ते मशीदच म्हणायचे, हे त्याने बापाकडून ऐकलेलं.

“तेच, बाबा. पण तिथं आता प्रार्थनेला कुणी नाही. महायुद्धात गावातली सगळी ज्यू माणसं मारून टाकली. मग त्याचं धान्याचं गोदाम केलं. आता गाण्याच्या कार्यक्रमांसाठी दुरुस्त करतायत.”

“देवाच्या घराचं गोदाम? जल्ला!” म्हणत त्याने खुर्ची पुढे ओढली.

फोटो बघताना मात्र तो हरखला. मधोमध चार जाडजूड खांब, त्यांच्यामध्ये पोथी वाचायचा ओटा. पूर्वेच्या भिंतीत पोथ्यांचा कोनाडा, वर बायकांना बसायला सज्जा. जमीन रस्त्यापेक्षा चार पायऱ्या खोल. “सगळ्या छताचा भार मधल्या खांबांवर घेतलाय बघ. गवंडी हुशार होता,” असं तो तीनदा म्हणाला.

मग दाराजवळच्या भिंतीचा फोटो आला. तिथं हातभर चौकोनात गिलावाच नव्हता, नुसत्या विटा. उन्नतीने त्यावर लाल खूण करून लिहिलं होतं: गिलावा पडलेला, भरून घेणे.

“हे पूस.”

“का?”

“पडलेला न्हाय तो, सोडलेला हाय. पडला असता तर कडा तुटक्या असत्या. ह्या चारी बाजू ओल्या गिलाव्यातच थापीने कापल्यात.”

“बाबा, सहाला नकाशे पाठवायचेत. तिथले इंजिनियर बघून घेतील.”

“तिथला गवंडी तुझा कागद बघूनच थापी मारणार. एकदा लिंपलं की संपलं.”

उन्नती वैतागली. नसत्या शंका काढून काम अडवायचं नाही, पुन्हा उशीर झाला तर काम दुसऱ्याला देऊ, असं साहेबांनी गेल्याच महिन्यात बजावलं होतं. पण म्हातारा हटेना. “जल्मभर गिलावाच केला मी. तेवढं तरी माझं खरं मान,” असं तो म्हणाला. बापाला असं अजीजीने बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. तिने लाल खूण पुसली, शंका लिहून पाठवली आणि साहेबांची बोलणी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी पोलंडहून उत्तर आलं. उन्नतीने मोठ्याने वाचून मराठीत सांगितलं. तो तुकडा मुद्दामच कोरा ठेवतात. जेरुसलेमचं त्यांचं मोठं मंदिर पाडलं गेलं, त्याची ती आठवण. घर कितीही सुंदर बांधलं तरी हातभर भिंत अपुरी सोडायची. ही गोष्ट आमच्याही नजरेतून सुटली होती; ज्यांनी ओळखली त्यांचं नाव कळवा, नकाशावर घालू.

“बाबा, नाव येणार तुमचं! केसरीनाथ भोईर, गवंडी, वडपे. असंच लिहू ना?”

केसरीनाथ शेजारच्या भिंतीवरून तळहात फिरवत होता. तिला वाटलं, ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा विचारलं.

“बाय,” तो म्हणाला, “वडप्याचं आपलं घर पाडून गोदाम बांधलं, त्याचा गिलावा मीच केला. तुझी आय जिथं भाकऱ्या भाजायची, तिथंच ती भिंत उभी केली. बोटभर जागा न्हाय सोडली मी. उलट असा गुळगुळीत केला, की शेठनं पाठ थोपटली माझी.”