शेवटच्या डब्यातली जागा

फोन आला तेव्हा मी हमरापूरला एका कारखान्यात गणपती बघत उभा होतो. श्रावण नुकताच लागला होता. मूर्तींच्या रांगांमधून अंग चोरून चालावं लागत होतं आणि कारागीर बाई म्हणत होती, "दादा, जपून, तो सोंडेचा रंग ओला हाय." नंबर अनोळखी होता. पलीकडे एका मुलीचा आवाज. "मधूमामा का? मी पार्कमधून बोलतेय. दत्ताकाका गेले..." कुठे गेले, ते मला आधी कळेचना. ती रडायला लागली तेव्हा कळलं. मी आधारासाठी हात टेकला तो नेमका एका मूर्तीच्या पाटावर, आणि तळव्याला रंग लागला. मग ती मुलगी नाक ओढत म्हणाली, "मामा, तुम्ही लवकर या. काकांना दवाखान्यात नेलंय, पण मावशी इथंच हायेत. त्या गाडीतून उतरत नायेत."

मावशी म्हणजे माझी थोरली बहीण, सुमनताई. आणि दत्ताकाका म्हणजे तिचे यजमान, माझे भाऊजी. भाऊजी पाली रस्त्यावरच्या त्या थीम पार्कमध्ये अर्धवेळ गाडी चालवतात हे मला ठाऊक होतं. पण ताई तिथे कशी? गेले पाच महिने मी असं धरून चाललो होतो, की ती निडी गावातल्या त्यांच्या घरात कुलपाआड असते.

भाऊजींनी तेहेतीस वर्षं नागोठण्याच्या एका कंपनीची स्टाफ बस चालवली. रोह्याहून निघायचं, निडीवरून माणसं घेत कंपनीत सोडायचं आणि सुटलेल्या शिफ्टची माणसं परत आणायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. घर, बस आणि ताई, एवढाच त्यांचा संसार. शाळेत असताना मी सुट्टीला त्यांच्याकडे जायचो, तेव्हा ते मला एकदा बसमध्ये घेऊन गेले होते. सगळी बस घोरत होती. मला हसू आलं, तर भाऊजी आरशातून डोळे वटारून म्हणाले, "हसतोस काय? माझ्या गाडीत मानूस जागा राहिला तं मला अपमान वाटतो." आंबा नदीला पूर आला की नागोठण्याच्या रस्त्यावर पाणी चढायचं, बस अडकायची. मग ताई डबा घेऊन निडी स्टेशनावर येऊन बसायची, कोणी ना कोणी तो पुढे पोचवायचं. त्यांच्यात फार बोलणं नसे. पण मी त्यांना कधी एकमेकांशी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नाही.

भाऊजी निवृत्त झाले त्याच सुमाराला ताईचं विसरणं वाढलं. आधी चहात दोनदा साखर, मग भात चुलीवर तसाच. मग मला वडिलांच्या नावानं हाक. पेणच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हे वाढत जाणार, हेही सांगितलं. एकदा ती घरातून निघून गेली, तर भाऊजींना स्टेशनच्या बाकावर सापडली. पेणला माहेरी निघाले म्हणाली. आमचे आईवडील जाऊन पंधरा वर्षं झाली होती. त्यानंतर ती घरात टिकेचना. दाराशी जायची, कडी वाजवायची, रडायची. मी महिन्यातून एकदा फळं घेऊन जायचो, तासभर बसायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं पेणला परत यायचो. निघताना बरं वाटायचं, हे आज लिहिताना लाज वाटते.

फाल्गुनात भाऊजींचा फोन आला. पार्कमध्ये नोकरी लागली, छोटी गाडी चालवायची, अकरा ते चार. त्यांच्या आवाजात कित्येक दिवसांनी जीव होता. मी विचारलं, "आणि ताईला कोण बघणार?" ते म्हणाले, "तिची सोय केलीय. तू ये तं एकदा मधू, दाखवतो." मी गेलो नाही. पुढच्याच आठवड्यात एका लग्नात त्यांच्या शेजाऱ्यानं सांगितलं, की दहा वाजल्यापासून घराला कुलूप असतं. मग मात्र मी गेलो. खरंच कुलूप होतं. खिडकीतून आत अंधार दिसत होता. मी "ताई, ताई" म्हणून हाका मारल्या. आतून काही नाही. झोपवून ठेवली असणार, असं माझ्या मनानं घेतलं.

संध्याकाळी भाऊजींना फोन केला आणि म्हणालो, "आजारी बायकोला कोंडून या वयात जत्रेतल्या गाड्या फिरवायला लाज नाही वाटत?" ते म्हणाले, "ऐकून तं घे रे, मधू..." मी फोन ठेवला. त्यानंतर त्यांचे दोन फोन आले, ते मी उचलले नाहीत. मग तेही मानी माणूस, थांबले. मला खरंच वाटत होतं की ताई कोंडलेली आहे, तर कुलूप तोडून तिला घरी का आणली नाही? या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. भाऊजींवर रागावणं सोपं होतं. ताईला आणणं अवघड होतं. राग धरला की निडीला जावं लागत नव्हतं...

हमरापूरहून पार्कला पोचायला मला दीड तास लागला. फाटकाशी फोनवाली मुलगी उभी होती. सुगंधा तिचं नाव, जवळच्याच वाडीवरची, गाडीच्या डब्यांच्या साखळ्या लावण्याचं काम करायची. तिनं मला गाडीपाशी नेलं. रबरी चाकांची, पुढे इंजिनाचं तोंड आणि मागे तीन रंगीत डबे, अशी ती पाहुण्यांना बागेतून फिरवून आणणारी गाडी. बाकी सगळे उतरले होते. शेवटच्या डब्यातल्या शेवटच्या जागेवर ताई बसली होती. केसांना तेल, नीट वेणी, इस्त्रीचं पातळ, मांडीवर पिशवी. मला बघून म्हणाली, "मधू, तू पन आलास? बस ना. आत्ता सुटंल." मी तिच्याजवळ बसलो. दुसरं काय करायचं ते सुचेना.

सुगंधा खाली उभी राहून सांगत होती, ते मी ऐकत होतो. डॉक्टरकडून रिक्षानं परतताना भाऊजींच्या लक्षात आलं होतं, की गाडी चालू असली की ताई शांत असते, गुणगुणतेसुद्धा. मग ते तिला उगाचच एसटीनं पेण-रोहा फिरवायचे. पार्कची जाहिरात बघून आले तेव्हा त्यांनी साहेबांना एवढंच सांगितलं होतं, की शेवटची सीट माझ्या माणसाला द्या. साहेबांनी हो म्हटलं. गर्दीच्या दिवशी ताई पुढे त्यांच्या शेजारी बसायची. "काकांनी दुसरा आरसा लावून घेतला," सुगंधा म्हणाली. "सगळ्यांना वाटायचं पोरांवर नजर ठेवायला. तो मावशींसाठी होता." ताईची वेणी भाऊजीच घालायचे, हेही मला तिच्याकडूनच कळलं. आधी वाकडी यायची, मग सुगंधानं त्यांना शिकवली.

त्या दिवशी तिसऱ्या फेरीत गाडी जरा हळू झाली होती. भाऊजींनी ती फलाटाला लावली, हँडब्रेक ओढला, माणसं उतरू दिली आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. त्यांना उचलून नेलं तेव्हा ताई मागे बसूनच होती. कोणाला तरी उचलताहेत एवढं तिनं पाहिलं असावं. माझा नंबर कुठून मिळाला, असं मी विचारलं. सुगंधानं ताईच्या पिशवीकडे बोट दाखवलं. आतल्या बाजूला कापडाचा तुकडा शिवलेला होता. त्यावर भाऊजींच्या ठसठशीत अक्षरात माझं नाव, नंबर आणि खाली 'भाऊ. लगेच येईल.'

मी ते वाचलं आणि मला तिथे बसवेना, उठवेना.

शेवटी सुगंधाच म्हणाली, "एक फेरी मारावी लागंल, मामा. त्याशिवाय नाय उतरायच्या." दुसऱ्या ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. रिकाम्या गाडीत आम्ही दोघं भावंडं बागेतून फिरलो, पाण्याच्या घसरगुंड्यांजवळून, पाळण्यांखालून. ताई डोळे बारीक करून वारा घेत होती. फलाट आल्यावर सुगंधा धावत आली आणि साखळी काढून भाऊजींच्याच सुरात म्हणाली, "उतर गो, घर आलं." ताईनं मुकाट्यानं हात पुढे केला. मी माझा दिला. तिनं माझा तळवा उलटा करून बघितला. "हा कसला रंग रे? धुवून ये जा," म्हणाली आणि उतरली.

निडीला भाऊजींना अंगणात ठेवलं होतं. बायका रडत होत्या. कोणीतरी ताईला पुढे आणलं. ती जवळ बसली, त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि सगळ्यांवर रागावली. "आवाज कशाला करता? झोपू द्या त्यांना, शिफ्ट करून आलेत." तिच्या हातून तुळशीपत्र ठेवून घेतलं तेव्हा मी मान वळवली.

याला आता दोन महिने होतील. ताई आमच्याकडे पेणला असते. माझी बायको तिची वेणी घालते, सुगंधा फोन करून विचारपूस करते. पहिले आठ दिवस ताईनं दार वाजवून वाजवून हात सुजवून घेतले. मग नवव्या दिवशी मी तिला घेऊन पेण स्टेशनावर गेलो आणि दुपारच्या रोहा गाडीत बसलो. डब्यात चारसहा माणसं. ती खिडकीशी बसली. निडी आलं आणि गेलं, तिनं नुसतं बघितलं. थोड्या वेळानं मात्र माझ्याकडे वळली. "मधू, गाडी कोन चालवतंय?" मी म्हणालो, "असेल कोणीतरी." ती घाबरून उठलीच, दाराकडे निघाली. मी तिचा दंड धरला आणि तोंडातून निघून गेलं, "भाऊजी चालवताहेत." ती खाली बसली. पदर सारखा केला. म्हणाली, "मग रोह्याला त्यांना चहा द्यायला होवा."

तेव्हापासून एक दिवसाआड आम्ही रोह्याला जातो. गाडी थांबली की मी फलाटावरून तीन चहा घेतो. एक तिला, एक मला. तिसरा ती माझ्या हातात देते आणि म्हणते, "जा, लवकर नेऊन दे, गार होईल." मी तो कप सांभाळत गाडीच्या पुढच्या टोकापर्यंत चालत जातो. ताई खिडकीतून बघत असते, म्हणून खांबाआड होतो. तिथे उभा राहून तो चहा पितो. फेकवत नाही. मग परत येऊन तिला सांगतो, की घेतला.

"काय म्हनाले?" ती विचारते.

"साखर कमी होती म्हणाले."

"त्यांचं नेहमीचंच हाय ते," ताई हसून म्हणते आणि सरकून मला शेजारी जागा करून देते.