घडीखालचा शब्द

दिवाळीच्या आधीच्या रविवारी काळेवाडीच्या आमच्या घरात अख्खं स्वयंपाकघर जमिनीवर येतं. मग कडप्प्याच्या फळ्या पुसायच्या आणि त्यांवर जुने पेपर अंथरायचे. बाकीची कामं कोणीही करावीत, पेपर मात्र माझे सासरेच अंथरणार. त्यांना मी मामा म्हणते, नवरा आण्णा म्हणतो, आणि सासूबाईंना मी आत्या. मामांनी आकुर्डीच्या कारखान्यात जन्मभर सुटे भाग तपासले. कागद सूतभर तिरका गेला तरी त्यांना जेवण गोड लागत नाही.

मथळा फळीच्या पुढे लोंबणाऱ्या पट्टीवर येईल, अशा बेताने ते कागद लावतात. पण आमच्या फळ्या आखूड आणि पेपर रुंद. उजवीकडचा भाग आत दुमडावा लागतो आणि त्या घडीत मथळ्याचा शेवटचा शब्द जातो. मराठीत तर सगळा खेळ त्या शेवटच्या शब्दाचाच. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी चहाच्या डब्याखाली वाचलं, 'घरोघरी रोज पाणी येणार'. मी म्हटलं, चला, सुटलो. आत्या शांतपणे म्हणाल्या, "घडीखाली बघ." बघितलं. 'नाही.'

तेव्हापासून 'घडीखाली काय?' हा आमच्या घरचा प्रश्न झाला. कोणी अर्धवट बोललं की हाच विचारायचा. आणि दर दिवाळीत एक खेळ. मथळा मोठ्याने वाचायचा, घडीखालचं बघायचं आणि त्याच्या उलट झालं असतं तर जग कसं चाललं असतं ते सांगायचं. मामा यात पक्के. एका फळीवर 'चाकणला विमानतळ होणार' होतं आणि घडीत नुसतं प्रश्नचिन्ह. मामांनी लगेच विमानतळ बांधून टाकला. कांद्याच्या गोण्या खिडकीशेजारी बसल्या, हवाईसुंदरीच्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि वैमानिक भोसरीचा असल्यामुळे नाशिक फाट्यावर त्याने सवयीने हॉर्न वाजवला. आत्या म्हणाल्या, "न्हाई झालं ते बरं. सोलापूरकडचं समदं पाव्हणं सकाळच्या विमानानं उतरलं असतं. च्या करून मेले असते मी." आम्ही इतके हसलो की परातीवर पाय पडून तिला पोचा आला. तो पोचा अजून आहे.

गेल्या वर्षीचा रविवार मात्र जड होता. माझा नवरा चाकणला गाड्यांचे भाग करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहे. कंपनी त्याची लाइन गुजरातला हलवणार होती. त्याला विचारलं होतं, वरच्या पदावर चला, नाहीतर इथेच दुसऱ्या लाइनवर थांबा. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. मी आकुर्डीच्या शाळेत शिकवते, मला जायचं नव्हतं, आणि ते मी त्याला स्वच्छ सांगितलं होतं. मामा-आत्या तर काळेवाडी सोडणारच नव्हते. आणि हा आठवडाभर तोंडात मूग धरून बसला होता. मला त्याचा इतका राग आला होता की मी डबे जरा जास्तच जोरात आपटत होते.

मामाही त्याला काही विचारत नव्हते. ते गठ्ठ्यातून पेपर निवडत होते, आणि नेहमीपेक्षा बराच वेळ लावून निवडत होते. शेवटी दुसऱ्याच कुठल्या कंपनीच्या जुन्या बातमीचा एक मधल्या फळीवर टाकून त्यांनी वाचला, "चाकणचा कारखाना गुजरातला जाणार..." पुढचा शब्द त्यांच्या तळहाताखाली होता. मी हातातला डबा न आपटता खाली ठेवला.

"घडीखाली 'नाही' हाय," मामाच म्हणाले. "पण समजा, गेला असता. लई झकास झालं असतं. आमचा सायेब तिकडं मोठा मॅनेजर. दारात झोपाळा. सूनबाई तिथल्या शाळंत हेडबाई, पोरं गुजरातीत पाढं म्हनत्यात. भाजीत साखर, पर सवय हुती मानसाला." ते रंगवून सांगत होते आणि कागदावरून हात फिरवत सुरकुत्या काढत होते. त्यांनी त्या झोपाळ्याला पितळी कड्यासुद्धा लावल्या.

"आन आपुन दोघं?" आत्यांनी विचारलं.

मामांनी कागदाचा कोपरा सरळ केला. "आपुन व्हय? आपुन घडीखाली."

ते हसले. आम्हाला कोणालाच हसू आलं नाही. ज्या गोष्टीची त्यांना आठवडाभर धास्ती होती, तीच त्यांनी पोरासाठी सजवून, त्यातून स्वतःला वगळून, त्याच्या पुढ्यात ठेवली होती. मग त्यांनी नेहमीसारखी कागदाची उजवी बाजू धरली आणि दुमडायला घेतली.

नवऱ्याने पातेलं खाली ठेवलं आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आण्णा, हे दुमडू नका. शेवटचा शब्द बाहेर राहू द्या."

माझा जीव भांड्यात पडला, आणि त्या दिवशी जमिनीवर भांडी काही कमी नव्हती. मी त्याला म्हटलं, "हे मला आधी सांगायला काय झालं होतं?" तो म्हणाला, "आज सकाळी अंघोळ करताना ठरलं गं." त्यावर मी भांडले, ते वेगळं. आत्या डोळे पुसत चहा टाकायला उठल्या आणि साखर सापडेना म्हणून डब्यांवर चिडल्या.

मामा मात्र कितीतरी वेळ त्या कागदाशीच उभे होते. 'नाही' हा शब्द फळीच्या कडेबाहेर लोंबत होता. असलं काम कारखान्यात त्यांनी तिथल्या तिथे परत पाठवलं असतं. त्यांनी एकदा पापण्या मिटल्या, उघडल्या आणि पुढच्या फळीकडे वळले.

वर्षभर येता-जाता तो तुकडा आमच्या कोपरांना लागतो. दोनदा फाटला. दोन्ही वेळा मामांनी स्टुलावर बसून त्याला चिकटपट्टी लावली. यंदा सगळ्या फळ्यांचे कागद बदलले, तो एक सोडून.