खिडक्या कसल्या करू?

रत्नागिरी स्टेशनवर गाडीला उशीर होता. आईने तेवढ्यात ओळखीच्या प्रत्येकाला सांगून टाकलं, "इंग्लंडला शिकायला चाललीय. दोन वर्षांत परत येणार." बाबांनी कोणालाच काही सांगितलं नाही. ते वाकून माझ्या बॅगेच्या चाकात अडकलेलं गवत काढत बसले होते. गाडी आल्यावर म्हणाले, "पोचलीस की कळव." गाडी हलली तेव्हा आईने हात वर केला, बाबा हात वर करायचाच विसरले. आमच्या घरात बोलायचं काम आईचं. बाबा आणि मी तोंडाशी आलेलं परत आत ठेवून देणारे.

ती दोन वर्षं केव्हाच संपली. शिक्षण झालं, इथे लीड्समध्येच नोकरी लागली, व्हिसा बदलला. माझ्या भाड्याच्या फ्लॅटची खिडकी सेफ्टीसाठी वीतभरच उघडते. सुरुवातीला मी त्या फटीला नाक लावून उभी राहायचे. आता हीटिंग चालू असलं की तीही उघडत नाही, आणि त्याचं काही वाटतही नाही. आमच्या घरी मात्र खिडक्या बंद करायच्या फक्त पावसाच्या झडीला. एरवी त्या सताड उघड्या. समुद्राचा वारा आरशावर खारट थर चढवायचा, आणि स्वयंपाकघरातून आई शेजारच्या शालूकाकूंशी मधल्या दगडी गडग्यावरून गप्पा मारत भाजी चिरायची. मी लाजरी, त्यामुळे कोणी आलं की झडपेआड उभी राहून ऐकायचे. गावातलं मला जे काही माहीत आहे ते असंच कळलेलं.

गेल्या वर्षी पाऊस संपल्यावर बाबांचा व्हिडिओ कॉल आला. ते स्वतःहून कधी करत नाहीत, म्हणून मी घाबरून मीटिंगमधून उठले. बिजागऱ्या गंजल्या होत्या, झडपा फुगल्या होत्या, एका चौकटीला वाळवी लागली होती. "सगळ्याच बदलाव्या म्हणतो," बाबा म्हणाले. "कसल्या करू?"

आमच्या माळ्यावर फणसाच्या फळ्या होत्या. मी शाळेत असताना परसातला फणस वादळात पडला, त्याच्या. घरचा फणस पडला तर आमच्याकडे लाकूड विकत नाहीत. फळ्या पाडून माळ्यावर ठेवतात, पुढच्या पिढीच्या दारं-खिडक्यांना. आमच्या घरात पुढची पिढी म्हणजे मी एकटी. फणसाचं लाकूड चिवट, पिवळंधमक, पण त्याला घरात माणूस लागतं. दर वर्षी पावसाआधी तेलपाणी करावं लागतं, पाऊस सरला की झडपा उघडून उन्हं द्यावी लागतात. बंद घरात त्याला बुरशी येते. आता मिळतात त्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, खिडक्यांना कोणी लागत नाही. त्या पुसल्या नाहीत तरी तशाच राहतात.

म्हणजे बाबा विचारत होते, की या घरात पुढे कोणी असणार आहे का.

मला ते तेव्हाच कळलं. तरी मी म्हणाले, "बाबा, लो मेन्टेनन्स असेल ते घ्या."

"बरं," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांनी दुकानातून कॉल लावला. भिंतीशिवाय उभ्या असलेल्या खिडक्या, आणि त्यातल्या एकीच्या पलीकडून डोकावणारी आई. "दिसते का गो मी नीट?"

दुकानदार सांगत होता, "काका, ही सरकती घ्या. वीस वर्षं बघायला नको."

"वीस वर्षं आम्ही तरी कुठे असणार आहोत बघायला!" आई म्हणाली.

बाबांनी एवढाच हट्ट धरला, की झडपा उघडणाऱ्याच हव्यात. "अर्धीच उघडते ती कसली खिडकी?"

माझ्यासारखे जे गेले त्यांनाही घरून असे प्रश्न आले असतील. कौलं काढून पत्रा घालू का? विहिरीवर जाळी टाकू का? आणि तुम्ही जे मागे राहिलात, त्या तुम्हाला एवढंच सांगते: आम्हाला प्रश्न कळतो. आम्ही खिडकीपुरतं उत्तर देतो, कारण तेवढंच देता येतं.

मे महिन्यात घरी गेले. जांभ्याच्या भिंतीत पांढऱ्याशुभ्र चौकटी. शालूकाकू म्हणाल्या, "काय गो, घराचं हॉस्पिटल केलंत की!" फळ्या त्यांच्या मुलाने नेल्या होत्या. तो बाजूलाच घर बांधतोय. "तो राहणार आहे इथे. त्याला लागतील," बाबा म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "ये, दाखवतो." हँडल खाली, झडप दाबून घ्यायची, मग किल्ली. "आधी समुद्राकडच्या. मग परसाकडच्या. माजघराची शेवटी, म्हणजे दारापर्यंत जायला उजेड राहतो. पुढे कधी एकटीवर वेळ आली तर अडायला नको."

मी एकेक लावत गेले. शेवटची लागली तशी समुद्राची गाज थांबली. ती सतत होती हे मला तेव्हा कळलं. त्या घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "जमलं."

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अहो, उघडा काहीतरी! गुदमरले इथे!"

आम्ही दोघं हसलो आणि भराभर सगळ्या उघडत सुटलो.

इथे कोणी 'होम' कुठे असं विचारलं, की मी रत्नागिरी सांगते, आणि समुद्र आहे, आंबे आहेत, असं काहीबाही बोलते. मनात मात्र खोल्यांतून फिरत असते. आधी समुद्राकडच्या, मग परसाकडच्या. माजघराच्या खिडकीपाशी पोचते, आणि ती लावायच्या आत दुसरं काहीतरी बोलायला लागते.