काटकोनाची पेटी आणि वाढतं पिल्लू

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुताराचं दुकान आहे. सुताराला सगळे काटकोन म्हणतात. बसतो सरळ, बोलतो सरळ, आणि माप एकदाच घेतो. "दुसऱ्यांदा घेतलं म्हणजे पहिलं खोटं होतं असा अर्थ होतो, आबा," हे त्याचं शास्त्र. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मी काय वाद घालणार?

त्याची एकुलती एक लेक परदेशात नर्स आहे. मागं सुट्टीला आली तेव्हा दुकानातली कुत्री नुकतीच व्याली होती. भुशाच्या ढिगातलं एक तांबूस पिल्लू लेकीच्या मांडीवरून उठेना. तिनं त्याचं नाव भुसा ठेवलं. परत गेल्यावर एक दिवस फोनवर म्हणाली, "बाबा, कामावरून घरी येते तर घरात चिटपाखरू नसतं. भुसाला पाठवाल?"

आता आली का पंचाईत! लेकीला नाही म्हणायला काटकोनाची जीभ कधी वळली नव्हती. तयार प्लॅस्टिकची पेटी बाजारात मिळत होती, पण गडी भडकला. "सुताराचं पिल्लू, आणि डब्यातून जाणार?"

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. चारही बाजूंनी हवा हवी, पिल्लाला उभं राहता, वळता, पसरता आलं पाहिजे, डोकं छताला लागता कामा नये. गुंगीचं औषध मुळीच द्यायचं नाही. आणि पेटीची सवय आधीपासून लावायची.

काटकोनानं भुसाला उभं केलं, माप घेतलं, पेन्सिल कानावर ठेवली. पेटी अशी केली की आमची ही म्हणाली, "हिच्यात मला ठेवून पाठवा कुठंतरी!" मी म्हटलं, "तुझं माप कोण घेणार?" त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

पण पॉलिशवर ओरखडे नकोत म्हणून पठ्ठ्यानं पेटी चादरीखाली झाकून ठेवली. सवयबिवय राहिलीच. इकडे लस टोचून झाली, मग नियमानं काही आठवडे थांबणं आलं, कागद आले, विमान ठरलं. आठवडा उरला तेव्हा भुसाला एकदाचं आत घातलं. कान छताला टेकलेले, मान वाकडी.

"ही आखडली कशी?" काटकोन पेटीकडं बघत राहिला.

"अरे शहाण्या, पेटी नाही आखडली. आयुष्यभर दारं-खिडक्या मापल्यास, त्या कधी वाढल्या का? हे दूध पितं!"

तो हसला नाही. मटकन स्टुलावर बसला. "विमानतळावरून परत पाठवतील हो, आबा. तिनं खिडकीपाशी त्याची गादीसुद्धा घालून ठेवलीय."

मग उठून आतल्या खोलीत गेला आणि लेकीचं शाळेच्या वेळचं अभ्यासाचं टेबल घेऊन आला. याच टेबलावर तिनं कर्कटकानं मांजर कोरलं होतं आणि बापाचा ओरडा खाल्ला होता. नंतर गिऱ्हाईक मागत असताना त्यानं ते विकलं नाही. आता पायांच्या पट्ट्या कापून पेटीच्या भिंती उंच केल्या, वरच्या फळीचं छत केलं. मांजरावर मात्र रंधा फिरवला नाही. पॉलिशही नाही; उग्र वासानं पिल्लू घाबरलं असतं. आत स्वतःचा जुना सदरा अंथरला. आठवडाभर भुसा तिथंच जेवला, तिथंच घोरला.

विमानतळावर मी सोबत गेलो. तिथल्या बाईंनी पेटी वरून पाहिली. "आत मांजर आहे की कुत्रा?"

"कुत्रा," काटकोन म्हणाला. "मांजर लेकीचं आहे."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं.

त्यांनी वाकून आत बघितलं. भुसा उभा राहिला, गोल वळला, पसरला. "गुंगीचं औषध दिलंय?"

"त्याला नाही हो," मी म्हटलं, "पण याला द्यायला हवं होतं." काटकोन पेटीचा एकच खिळा पुन्हापुन्हा चाचपत होता. बाई हसल्या, पेटीवर शिक्का बसला, आणि भुसा गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात फोनकडं टक लावून बसलो होतो. वाजला, तर पलीकडून आधी भुंकणं आणि मग लेक. "बाबा, पोचला! हुंदडतोय नुसता. आणि माझं मांजर... तुम्ही ठेवलंत ते?"

"लाकूड चांगलं होतं," काटकोन म्हणाला.

"भुसा पेटी सोडेना. मग मी वर ताट ठेवून जेवले. तो आत, मी वर."

"उंची बरोबर आहे ना?"

"बाबा, खरं सांगू? जेवायला चार बोटं कमी पडते."

काटकोन उठला आणि टेप शोधायला लागला.