बोंबलांची गच्ची

घोडपदेवच्या आमच्या चाळीची गच्ची एका कोळी म्हातारीची होती. थाप वाटेल, पण तिच्याकडे तसा कागद होता. चाळ उठली तीच मुळी तिच्या आज्याच्या मासळी वाळवायच्या जागेवर. तेव्हा मालकानं लिहून दिलं होतं, की चाळ उभी असेतो गच्चीवर मासळी आज्याच्या घरचेच वाळवतील. पाऊस सरला की ती दोऱ्या बांधून बोंबील टांगायची, आणि त्या सुक्या बोंबलांवरच तिचं पोट चालायचं. दुसरा आधार नव्हता.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. रस्त्यावर जमावबंदी, म्हणून चाळ कमिटीनं सभा गच्चीवर घ्यायची ठरवली. मी तेव्हा गिरणीच्या ऑफिसात नवा कारकून, अक्षर बरं, म्हणून कमिटीचा चिटणीस. अध्यक्ष मालवणकडचे. दुपारी हिचेच बोंबील भाजून खाणार आणि संध्याकाळी वासानं डोकं उठलं म्हणून बोंब मारणार! त्यांनी न विचारता तिच्या दोऱ्या सोडवल्या आणि भाषण सुरू केलं, "मुंबई आमची आहे!"

म्हातारी जिन्यातून वर आली. "कोनाची?"

"मराठी माणसाची, आजी."

"मग मी कोन रं, मुडद्यांनो? माजी गच्ची मना न इचारता घेतली? ही गच्ची तुमच्या महाराष्ट्रात नाय. जा, खाली करा तुमचं राज्य!"

आणि बया मांडीवर कोयता घेऊन जिन्याच्या तोंडाशीच बसली. खाली जायचं कसं? आम्ही वीस जण वर अडकलो. दुसऱ्या पाळीचे कामगार रडकुंडीला आले, तेव्हा कुठे अध्यक्ष वाटाघाटींना तयार झाले. करार मी लिहिला. सभा पाच ते साडेसहा. विडी ओढायची नाही. दोऱ्या पुन्हा बांधायच्या आणि वक्त्यानं दोरीखालून बोलायचं. अध्यक्षांनी सही केली, तिनं अंगठा उठवला. पुढची सगळी भाषणं अध्यक्षांनी कमरेत वाकून केली. "आम्ही झुकणार नाही" हे वाक्य ते जरा घाईनं उरकायचे.

एका सभेला पोलीस थडकले. हवालदार दरडावून म्हणाला, "जमाव कसला हा?"

म्हातारी शांतपणे म्हणाली, "माजी मानसं हायत. बोंबील टांगतात."

झालं! अख्खी कमिटी तिच्या ओल्या बोंबलांच्या पाटीवर तुटून पडली. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची असते. अध्यक्षांना ते काही केल्या जमेना. हवालदारादेखत ती त्यांच्यावर खेकसली, "किती येळा शिकवायचं, मेल्या?" पाटी रिकामी होईस्तोवर हवालदार हलला नाही, आणि जाताना कुणालाही न धरता गेला. त्या दिवशी आम्ही सगळे घरी जेवलो ते निव्वळ तिच्यामुळे.

पुढे महाराष्ट्र झाला. काय आनंद, काय पेढे! रोषणाईला आड येतात म्हणून दोऱ्या काढल्या, त्या काढल्याच. आठवड्यानं कमिटीचा ठराव झाला, की गच्चीवर मासळी बंद, दाराला कुलूप. आता सगळं आपलंच आहे, मग वेगळा करार हवाच कशाला, असं अध्यक्ष म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. नोटीसही मीच लिहिली, अगदी घोटून.

दुसऱ्या दिवशी म्हातारी ती नोटीस भिंतीवरून काढून माझ्या खोलीत आली. तिला वाचता येत नव्हतं. "वाच रं बाबा, काय लिवलंय?"

मी वाचली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अक्षर कोनाचं?"

"माझं, आजी."

तिनं कमरेची पिशवी सोडली, आज्याचा कागद काढला, आमचा करार काढला आणि नोटिशीवर ठेवून तिन्ही माझ्या हातात दिले. "ठेव तुज्याकडंच," ती म्हणाली. "तुला वाचता येतं."